दोन पडद्यांवरचे अवधान

नीतिविचाराच्या परंपरेत कृतीला जे स्थान मिळाले ते अवधानाला मिळालेले नाही. माणसाने काय केले, कोणत्या हेतूने केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या प्रश्नांभोवतीच नीतिमीमांसेचा बराचसा व्यवहार फिरत राहिला. कृती घडत असताना तो माणूस कोणाकडे पाहत होता आणि कोणाकडे पाहत नव्हता, हा प्रश्न तुलनेने अलीकडचा आहे. विसाव्या शतकात सिमोन व्हेय हिने अवधान ही संकल्पना नीतीच्या केंद्रस्थानी आणली. तिच्याकडून ती घेऊन आयरिस मर्डॉकने 'द सॉव्हरेन्टी ऑफ गुड' (१९७०) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, निवडीचा क्षण येऊन ठेपतो तेव्हा निवडीचे काम बहुतांशी उरकलेले असते. माणूस त्याआधी कसा पाहत आला यातूनच ते झालेले असते. मर्डॉकचे प्रसिद्ध उदाहरण सासू आणि सुनेचे आहे. सुनेला सामान्य, पोरकट समजणारी सासू तिच्याकडे पुन्हा, न्यायबुद्धीने पाहू लागते. बाहेर काहीच बदलत नाही, पण नैतिकदृष्ट्या काहीतरी घडलेले असते. (मराठी कथा-कादंबरीच्या वाचकाला हे उदाहरण अगदी घरचे वाटावे.)

या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अवधानाचा विषय एकच आहे आणि त्याच्याकडे पाहायला पुरेसा वेळ आहे. प्रत्यक्ष जगण्यात अवधान मागणारे एकाहून अधिक असतात आणि ते एकाच वेळी मागतात. रात्रपाळीची परिचारिका एका खाटेवरच्या रुग्णाची सलाईन लावीत असताना तिची पाठ दुसऱ्या खाटेकडे असते. त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या खाटेवर जे होईल त्याची नैतिक जबाबदारी तिच्याकडे येते काय? 'तिने लक्ष द्यावयास हवे होते' या विधानाला अर्थ आहे काय? जे शक्यच नाही ते कर्तव्य होऊ शकत नाही, हे तत्त्व मान्य केले तर तिची सुटका होते. परंतु अशी सुटका झालेली परिचारिका त्या रात्रीनंतर स्वस्थ झोपू शकत नाही, हेही तितकेच खरे. तत्त्व आणि अनुभव यांच्यामधली ही फट नेमकी कशाची आहे, हा येथील प्रश्न आहे.

साहित्याला हा प्रश्न मांडणे अवघड जाते, याचे कारण भाषेच्या स्वभावात आहे. वाक्यामागून वाक्य येते. 'इकडे हे घडत असता तिकडे' असे म्हणून पोथी सांगणारा दोन स्थळे जोडतो खरा, पण श्रोत्याला तो एकाच ठिकाणी नेतो आणि मग दुसऱ्या ठिकाणी नेतो. विभागलेल्या अवधानाची वेदना निवेदनात सांगता येते. श्रोत्याला ती सोसावी लागत नाही. ती सोसावयास लावणारा एक रूपबंध मात्र गेल्या काही दशकांत निर्माण झाला आहे, आणि पोरांचा वेळ घालवण्याचा उद्योग म्हणून समीक्षेने त्याकडे सहसा पाठ फिरवली आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेम. त्यातील एक विशिष्ट खेळ येथे विचारात घ्यावयाचा आहे. २७ जुलै २००७ रोजी जपानमध्ये 'सुबाराशिकी कोनो सेकाई' (हे अद्भुत जग) या नावाने आणि एप्रिल २००८ मध्ये इतरत्र 'द वर्ल्ड एंड्स विथ यू' या नावाने तो प्रसिद्ध झाला. स्क्वेअर एनिक्स आणि ज्युपिटर या कंपन्यांनी तो निन्तेन्दो डीएस या यंत्रासाठी घडविला होता.

यंत्राची रचना येथे तपशील म्हणून सोडून देता येणार नाही. २००४ च्या अखेरीस बाजारात आलेले आणि पुढे १५ कोटींहून अधिक विकले गेलेले डीएस हे पुस्तकासारखे उघडणारे, हातात मावणारे यंत्र होते. उघडल्यावर त्यात दोन पडदे दिसत, एकावर एक. खालचा पडदा स्पर्श ओळखणारा होता, वरचा नव्हता. खालच्या पडद्यावर स्टायलस नावाच्या छोट्या कांडीने दाबावयाचे, ओढावयाचे, गिरवावयाचे. वरचा पडदा केवळ पाहावयाचा. आजच्या फोनचा पडदा अनेक बोटे एकदम ओळखतो. डीएसचा पडदा दाबावर चालणारा असल्यामुळे त्याला एका वेळी एकच बिंदू कळत असे.

कथेचा नायक नेकू साकुराबा हा पंधरा वर्षांचा मुलगा तोक्योच्या शिबुया भागातील गजबजलेल्या चौकात जागा होतो. कानांवर हेडफोन चढवलेले, माणसांचा तिटकारा, आणि आपण येथे कसे आलो याचे विस्मरण. हळूहळू उलगडते ते असे की, तो मृत आहे आणि मृतांसाठी मांडलेल्या एका सात दिवसांच्या खेळात उतरलेला आहे. जिंकणाऱ्याला पुन्हा जीवन मिळण्याची संधी असते. प्रवेशाचे शुल्क म्हणून प्रत्येकाकडून त्याची सर्वांत मोलाची गोष्ट काढून घेतली जाते. एकट्याने टिकता येत नाही. जोडीदाराशी करार करावा लागतो, आणि जोडीदार नाहीसा झाला की मागे राहिलेल्याचेही आयुष्य संपते. नेकूला शिकी नावाची मुलगी जोडीदार म्हणून मिळते, तीही नाइलाजाने. सुरुवातीच्या दिवसांत तर तो दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून तिलाच संपवायला निघतो. हानेकोमा नावाचा एक वडीलधारा माणूस त्याला ऐन वेळी अडवतो. इंग्रजी शीर्षकातील श्लेष याच हानेकोमाच्या उपदेशात आहे. तुझे जग तुझ्या कडेशी संपते, तेव्हा ती कडच पुढे सरकव, असा त्याचा आशय.

एवढ्यावर थांबले तर ही एका आत्ममग्न किशोराच्या मनःपरिवर्तनाची बरी कथा ठरेल, त्याहून अधिक नाही. अशा कथा जपानी चित्रकथांत विपुल आहेत. विलक्षण आहे ती लढाईची रचना. लढाई दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी चालते. खाली नेकू, वर जोडीदार. समोरचा शत्रू दोन पातळ्यांवर एकदमच वावरतो. तो एका पडद्यावर मेला की दुसऱ्यावरही मरतो. नेकूला उजव्या हातातील कांडीने चालवावयाचे: शत्रूवर रेघ ओढली की वार, रिकाम्या जागी टिचकी मारली की मारा, वर्तुळ काढले की आणखी काही, क्वचित यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये फुंकरही. त्याच वेळी डाव्या अंगठ्याने बटणे दाबून वरच्या जोडीदाराला लढवावयाचे. आणि तेथे केवळ मारामारी नाही, वार करता करता पत्त्यांसारखी चिन्हे जुळवण्याचे एक छोटे कोडेही सोडवावयाचे. दोघांचा प्राण एकच आहे. प्राणशक्तीची एकच पट्टी दोन्ही पडद्यांना व्यापते, आणि कोणालाही मार बसला तरी ती घटते. याशिवाय एक प्रकाशाची चकती दोघांमध्ये ये-जा करते. एकाने आपली वारांची मालिका पुरी केली की ती दुसऱ्याकडे जाते, ज्याच्याकडे ती असेल त्याचा वार अधिक जोराचा होतो, आणि ती न सांडता फिरत राहिली तर दोघांचेही बळ वाढत जाते.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे अशक्य वाटते, आणि ते अशक्य आहेही. डोळे खाली असले की वर काय चालले आहे ते दिसत नाही. वर गेले की कांडी आंधळी होते.

या रचनेचा पहिला, सहज सुचणारा अर्थ असा की, हा खेळ परहिताची शिकवण देतो: दुसऱ्याकडे लक्ष दे, नाहीतर तूही संपशील. या अर्थावर कांटचा आक्षेप ताबडतोब येतो. १७८५ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रामाणिक दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. गिऱ्हाईक टिकावे म्हणून जो अजाण पोरालाही फसवीत नाही, त्याची कृती कर्तव्याला धरून असते, कर्तव्यापोटी नसते. प्राण सामायिक असेल तर जोडीदाराची काळजी ही स्वतःचीच काळजी झाली. नियमाने बांधलेली सहानुभूती ही सहानुभूती नव्हेच.

या आक्षेपाला खेळाच्या आतूनच एक उत्तर मिळते, आणि ते कांटकडून नव्हे तर ॲरिस्टॉटलकडून समजून घ्यावे लागते. सद्गुण हा सवयीने अंगी बाणतो. न्याय्य कृत्ये करीत करीत माणूस न्यायी होतो. प्रारंभी ती कृत्ये त्याच्या स्वभावातून आलेली नसली तरी चालते, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे. पहिला आठवडा संपतो आणि नेकूला पुन्हा खेळात ढकलले जाते. या वेळी प्रवेशशुल्क म्हणून त्याच्याकडून शिकीच काढून घेतली जाते. म्हणजे नाइलाजाने स्वीकारलेली जोडीदार सात दिवसांत 'सर्वांत मोलाची गोष्ट' झालेली असते. हे झाले कथेतले. खेळणाऱ्याच्या बाबतीत जे घडते ते याहून सूक्ष्म आहे. नवा जोडीदार जोशुआ वरच्या पडद्यावर येतो तेव्हा त्याच्या लढण्याची रीत वेगळी असते, चिन्हांचे कोडेही वेगळे असते. डाव्या अंगठ्याने आठवडाभरात कमावलेली शिकीची लय येथे लागू पडत नाही. अंगठा जुन्या सवयीने दाबत राहतो आणि चुकतो. शिकीचे नसणे खेळाडूला प्रथम कळते ते हातात. संवादातून कळते ते नंतर. शोकाची अशी जागा कोणत्याही कादंबरीला उपलब्ध नाही. ज्याची काळजी स्वार्थापोटी घेतली त्याची उणीव मात्र स्वार्थाच्या हिशेबात बसत नाही, कारण जोशुआही तितकाच उपयोगी जोडीदार आहे.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. सवय कितीही मुरली तरी डोळे दोन पडद्यांवर एकदम राहू शकत नाहीत. येथे न्यायदर्शनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नैयायिकांच्या मते मन हे अणुपरिमाण आहे, ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी संयुक्त होते, आणि म्हणूनच दोन ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत. किंबहुना ज्ञाने अशी एकदम न होणे हीच मन असल्याची खूण. मग लांब तळलेली शष्कुली खाताना तिचा रंग, वास, चव, स्पर्श आणि कुरकुरणे एकाच वेळी कसे जाणवते? तर ते तसे भासते इतकेच. पेटते कोलीत गरगर फिरवले की अखंड चक्र दिसते, तसा हा शीघ्रगतीमुळे होणारा भ्रम आहे. भाट्ट मीमांसकांनी हे न मानता मन विभू ठरविले; पण डीएसच्या दोन पडद्यांपुढे बसलेला माणूस नैयायिकच होतो. दोघांमध्ये फिरणारी प्रकाशाची ती चकती म्हणजे अलातचक्रच म्हणावे. ती पुरेशा वेगाने फिरली की दोघांकडे एकदम लक्ष असल्याचा आभास होतो. प्रत्यक्षात प्रत्येक क्षणी कोणीतरी एक अंधारात असतो. आणि एका वेळी एकच बिंदू ओळखणारा खालचा पडदा स्वतःही जणू अणुवादी आहे. (यंत्र घडविणाऱ्यांच्या मनात यातले काही नसणार, हे उघड आहे. परंतु संहितेचा अर्थ तिच्या कर्त्याच्या मनात शोधण्याचा आग्रह समीक्षेने सोडून पुष्कळ काळ लोटला.)

आता हे पाहू की, जोडीदाराकडे पाहताच आले नाही तर खेळ काय करू देतो. काही क्षण बटण दाबले गेले नाही की वरचा जोडीदार आपण होऊन लढू लागतो. किती क्षणांनी, हे खेळाडूला ठरवता येते. तो खेळाडूइतका कुशल लढत नाही, पण लढतो. बहुतेक जण हिला नवशिक्यांसाठी ठेवलेली सवलत समजतात. नीतीच्या दृष्टीने पाहता रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण जागा हीच आहे. नजर काढून घेणे या एकाच बाह्य कृतीचे येथे दोन अर्थ होऊ शकतात. एक हयगय: वरचे वर बघून घेईल, मला काय त्याचे. दुसरा विश्वास: मी येथे गुंतलो आहे, तेथे तू आहेस. पडद्यावर दोहोंचा परिणाम तंतोतंत सारखा दिसतो. यंत्राला त्यांच्यातला भेद कळत नाही, आणि पाहणाऱ्या तिसऱ्यालाही कळणार नाही. मर्डॉकच्या सासूप्रमाणेच हा भेद सर्वस्वी आत आहे. मात्र येथे नैतिक घटना पाहण्यात घडत नाही, न पाहण्याच्या रीतीत घडते. मर्डॉकच्या उपपत्तीत हे बसवावयाचे तर ती थोडी वाढवावी लागेल. अवधानाच्या नीतीला अनवधानाचीही नीती जोडावी लागेल. परिचारिकेच्या उदाहरणात तिची पाठ दुसऱ्या खाटेकडे आहे हा दोष नव्हे. पाठ वळवण्यापूर्वी त्या रुग्णाला ती आपल्या हिशेबात एक माणूस म्हणून ठेवून वळली, की वळताक्षणी तो तिच्यापुरता नाहीसाच झाला, यात फरक आहे. आणि पहिल्या प्रकारे वळलेलीच परिचारिका नंतर बेचैन होते. दुसरीला झोप लागते. ती बेचैनी अपराधाची खूण नसून सोडून दिलेल्या माणसाशी संबंध शिल्लक असल्याची खूण आहे, असे मानले तर तत्त्व आणि अनुभव यांमधली फट काहीशी उलगडते.

एमान्युएल लेव्हिनासने 'टोटॅलिटी अँड इन्फिनिटी' (१९६१) मध्ये दुसऱ्याच्या चेहऱ्याला नीतीचा उगम मानले आणि दुसरा उंचीवरून सामोरा येतो असे म्हटले. येथे जोडीदार अक्षरशः वर आहे आणि त्याला स्पर्श करता येत नाही. कांडी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. 'स्व'ला चाचपता येते, दुसऱ्याला दुरून खुणावता येते एवढेच. पण चेहऱ्याच्या बाबतीत खेळ लेव्हिनासला एक अडचण घालतो. शिकीचे प्रवेशशुल्क होते तिचे स्वतःचे रूप. वरच्या पडद्यावर आठवडाभर जो चेहरा पाहिला तो तिची मैत्रीण एरी हिचा. तिच्याविषयीच्या असूयेपोटी शिकीने पांघरलेला. म्हणजे ज्याला सामोरे गेलो तो चेहरा उसना होता, तरी जिच्याशी संबंध जडला ती खरीच होती. चेहऱ्यावाचूनही दुसरा सामोरा येऊ शकतो काय, या प्रश्नाला हा खेळ अंगठ्याच्या लयीतून होकार देतो.

शिबुया हे स्थळ निवडण्यामागेही काही औचित्य दिसते. तेथील स्थानकाबाहेर हाचिको या कुत्र्याचा पुतळा आहे. १९२५ मध्ये वारलेल्या आपल्या प्राध्यापक धन्याची वाट पाहत तो १९३५ मध्ये मरेपर्यंत त्या स्थानकावर येत राहिला. विषयच नाहीसा झालेल्या अवधानाचे याहून नेमके स्मारक सापडणे कठीण. खेळाच्या अखेरीस नेकू आपल्या सोबत्यांना भेटतो तो याच पुतळ्यापाशी.

अखेरचा प्रसंग लढाईचा नाही. सर्व घडामोडींमागचा सूत्रधार जोशुआच असल्याचे उघड होते. नेकूला मारणाराही तोच. तो नेकूच्या हाती पिस्तूल देतो: आकडे मोजून होताच गोळी झाडायची, जो उरेल त्याच्या हाती शिबुयाचे भवितव्य. नेकू झाडू शकत नाही. हात खाली येतो, डोळ्यांत पाणी असते, आणि जोशुआ झाडतो. येथवर प्रत्येक वार खेळाडूच्या हातून घडला. नेमका हा निर्णय मात्र त्याच्याकडे सोपविलेला नाही. प्रसंग आपला आपण उलगडतो आणि कांडी हातात रिकामी राहते. काहींना ही रचनेची पळवाट वाटेल: सगळा भार हातावर टाकून निर्णायक क्षणी हात काढून घेतला, अशी. त्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण उलटही पाहता येते. इतका वेळ खेळाडू वरच्या जोडीदाराला त्याच्या त्याच्या भरवशावर सोडण्यास शिकत होता. आता नेकूही त्याच्या हातातून सुटलेला असतो, आणि खेळाडूला फक्त पाहावयाचे असते.

हा खेळ पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोन आणि आयपॅडसाठी, आणि २०१८ मध्ये निन्तेन्दो स्विच या यंत्रासाठी पुन्हा काढण्यात आला. संवाद, पात्रे, शिबुया, पिस्तूल, सारे बहुतांशी तेच. पडदा मात्र एकच. जोडीदार नेकूच्या शेजारीच उभा असतो आणि ज्या बोटाने नेकूचे वार करावयाचे त्याच बोटाने त्यालाही वार करावयास लावायचे. तो दृष्टीआड कधीच जात नाही. खेळणे सोयीचे झाले, यात वाद नाही. पुष्कळांना मूळ खेळ त्याच्या अवघडपणामुळेच पुरा करता आला नव्हता. परंतु जोडीदार आता नेकूच्या भात्यातले आणखी एक शस्त्र झाला आहे. त्याला सोडून देण्याचा प्रसंगच येत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकण्याचाही येत नाही. तुझ्या जगाची कड पुढे सरकव, हे वाक्य दोन्ही आवृत्त्यांत आहे. एकीत ते हातांनी सोसलेले असते, दुसरीत ते केवळ ऐकलेले. आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढता येत नाहीत, हा आपल्या समीक्षेचा जुना, काहीसा गुळगुळीत झालेला सिद्धांत. येथे त्याची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी तशी झाली आहे: शब्द तसेच ठेवून एक पडदा काढून घेतला, आणि शब्दांमागचा नैतिक प्रश्न नाहीसा झाला.

स्विचवरील आवृत्तीत एक नवी सोय मात्र आहे. दोघांना मिळून खेळता येते. जोडीदाराची सूत्रे दुसऱ्या व्यक्तीच्या हाती देता येतात. आता त्या पात्रामागे खरोखरच दुसरा माणूस असतो, खेळाडूच्या शेजारी, त्याच सतरंजीवर. त्याच्याकडे मान वळवण्याचे कारण पहिल्याला सहसा पडत नाही. दोघांची नजर समोरच्या एकाच पडद्यावर असते.